गिअरबॉक्स उघडण्याआधी: जुन्या ट्रॅक्टरचा आवाज कसा ओळखावा

नांगरटीचा हंगाम तोंडावर आला की महिनोन्‌महिने उभा असलेला जुना ट्रॅक्टर बाहेर निघतो आणि पहिल्याच फेरीत गिअर टाकताना खर्रर्र करतो. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘गिअरबॉक्स गेला, उघडावा लागेल.’ घाई करू नका. गिअर नीट पडत नाही ही तक्रार बहुतेक वेळा गिअरची नसते. दोष क्लचमध्ये, लिव्हरमध्ये नाहीतर तेलात असतो आणि या तिन्ही गोष्टी तुम्ही स्वतः अर्ध्या दिवसात तपासू शकता. हे काम आत्ताच करा. एकदा नांगर जुंपला की थांबायला सवड मिळत नाही आणि किरकोळ दोष घेऊन आठवडाभर ओढलेला ट्रॅक्टर खरोखरच गिअर खाऊन टाकतो.

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करा, चाकांना पुढून-मागून अडण लावा आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक टाकून पाहा. हाय-लो, म्हणजे जलद-हळू वेगाचा लिव्हरही दोन्हीकडे टाकून बघा. एखादा गिअर पडला नाही तर जोर लावू नका. दाताच्या टोकाला टोक लागलेलं असू शकतं. क्लच एकदा दाबून सोडा किंवा अडण काढून ट्रॅक्टर हातभर पुढे ढकला आणि पुन्हा टाका. आता इंजिन चालू करा, अगदी हळू फिरू द्या, क्लच पूर्ण दाबा, पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. या वेळी समोर किंवा मागे कुणी उभं नको. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडतात, पण चालू इंजिनवर पाच सेकंद थांबूनही खर्रर्र होतं, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. पेडल दाबलेलं असतानाही आतला शाफ्ट फिरतच आहे. गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही.

क्लचमध्ये सगळ्यात आधी पेडलची मोकळी चाल मोजा. पेडल हाताने दाबत न्या आणि कुठे जड लागतं ते पट्टीवर बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांत ही चाल २५ ते ४० मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडाच खरा धरा. चाल जास्त झाली की क्लच सुटत नाही आणि गिअर खरडतो. चाल उरलीच नाही तर क्लचची प्लेट घसरते आणि रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लचला ढकलून सोडवणारं बेअरिंग, कायम फिरत राहून झिजतं. पेडलपासून आत जाणाऱ्या दांड्यांच्या पिना आणि त्यांची भोकंही बघा. जुन्या ट्रॅक्टरात ती लांबट झालेली असतात. प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढील साठते आणि पेडल तळाला टेकलं तरी हे बेअरिंग ढकलणारा आतला काटा पुरेसा हलत नाही. माझ्या ट्रॅक्टरला रिव्हर्स पडेना म्हणून मी एकदा वरचं झाकण काढून बसलो होतो. दोष निघाला तो करंगळीएवढ्या झिजलेल्या पिनेत. तेव्हापासून पेडलपासून सुरुवात करायची, हा माझा नियम आहे.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरात आणखी एक प्रकार होतो. ओल धरून क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाला, गंजून चिकटते. पेडल दाबलं तरी प्लेट सुटत नाही आणि गिअरमध्ये इंजिन सुरू केलं तर ट्रॅक्टर थेट चालू लागतो. म्हणून बराच काळ उभा असलेला ट्रॅक्टर शेडमध्ये, भिंतीसमोर, गिअरमध्ये ठेवून कधीही सुरू करू नका.

यात एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जुन्या बनावटीच्या अनेक ट्रॅक्टरांत सरकते गिअर असतात. म्हणजे गिअर टाकताना एक चाक सरकून दुसऱ्याच्या दातात शिरतं. अशा ट्रॅक्टरचा गिअर चालता चालता बदलला तर खरडणारच. तिथे दोष यंत्राचा नसून वापराचा आहे. पूर्ण थांबा, क्लच दाबा, दोन क्षण जाऊ द्या, मगच गिअर बदला. या गिअरचे दात सरळ असल्यामुळे चालताना घुंऽऽ असा एकसारखा आवाज येतो, तोही नैसर्गिक आहे. काळजी करायची ती आवाज बदलला तर.

चालता चालता गिअर आपोआप निसटत असेल तर आधी बाहेर बघा. लिव्हर सीटला, फ्लोअरच्या पत्र्याला किंवा मागून बसवलेल्या एखाद्या पट्टीला अडतो का? अडत असेल तर गिअर पूर्ण बसलेलाच नसतो. बाहेर काही सापडलं नाही तर वरच्या झाकणाखालचे स्प्रिंग आणि गोळ्या पाहाव्या लागतात, कारण गिअर जागेवर धरून ठेवायचं काम त्यांचं. स्प्रिंग मरगळला की गिअर धक्क्यासरशी सुटतो. हे दुरुस्त करूनही एकच गिअर निसटत राहिला तर त्याचा फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, झिजला आहे किंवा दात निमुळते झाले आहेत, असं समजा. त्या गिअरवर भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर मुळीच जाऊ नका. लिव्हर खूप लुळा पडला असेल आणि ट्रॅक्टर एकाच जागी जाम झाला असेल, तर बहुधा दोन गिअर एकदम पडलेले असतात. इंजिन बंद करा, झाकण काढा आणि फोर्कच्या खाचा एका रेषेत न्यूट्रलला आणा. लिव्हरचं खालचं टोक झिजलं असेल तर हे पुन्हा होईल.

तेलाची पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून, थोडा वेळ गेल्यावर बघा. दुधाळ रंग म्हणजे पाणी शिरलंय. पावसाचं पाणी बहुतेकदा लिव्हरच्या फाटक्या रबरी बुटातून आत जातं. तो बूट स्वस्तात बदलता येतो आणि लोक नेमकं त्याकडेच दुर्लक्ष करतात. थंडीत सकाळी गिअर जड पडणं आणि गरम झाल्यावर सुधारणं, हे तेलाच्या घट्टपणामुळे होतं. उलट, गरम झाल्यावर आवाज वाढत असेल तर तेल पातळ किंवा कमी आहे, नाहीतर बेअरिंग झिजलंय. ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी लगदा जमणं नेहमीचं आहे. टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर ट्रॅक्टर चालवणं थांबवा. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक तेलात असेल तर पितळी बुश किंवा वॉशर झिजतोय. ज्या ट्रॅक्टरात गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक यांचं तेल एकच असतं, तिथे साधं गिअर ऑइल भरू नका. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचंच भरा.

आता आवाज. तो किती मोठा आहे यापेक्षा कधी येतो हे महत्त्वाचं. न्यूट्रलमध्ये, क्लचवर पाय नसताना आवाज येतो आणि क्लच दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं बेअरिंग किंवा कायम फिरणारी गिअरची जोडी संशयित. याच्या उलट, पेडलला नुसता पाय टेकवताच किरकिर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल तळापर्यंत गेल्यावरच आवाज आला तर फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग बघायला सांगा. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात अर्ध्या पेडलवर गिअरबॉक्सकडे जाणारी ताकद तुटते आणि पूर्ण दाबल्यावर पीटीओची, म्हणजे मागे जोडलेली यंत्रं फिरवणाऱ्या शाफ्टची. अर्ध्यावर न थांबणारा आवाज तळाला थांबत असेल तर तो पीटीओच्या बाजूचा आहे.

फक्त एकाच गिअरमध्ये आवाज असेल तर त्याच जोडीचे दात. ठरावीक अंतराने टक्‌-टक्‌ होत असेल तर दात तुटलेला असण्याची शक्यता मोठी, लगेच थांबा. सगळ्याच गिअरमध्ये आवाज असेल तर सपाट, मोकळ्या जागी चालता ट्रॅक्टर क्लच दाबून, गिअर न्यूट्रलला आणून हळू होऊ द्या. वेगाबरोबर आवाजही मंदावत गेला तर तो मागचा, म्हणजे क्राउन-पिनियनचा (मागच्या धुरीला फिरवणाऱ्या गिअरच्या जोडीचा) किंवा त्याच्या बेअरिंगचा. फक्त वळताना कुरकुर आली तर डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर. लिफ्ट वर उचलताना किंचाळल्यासारखा आवाज वाढतो तेव्हा गिअरला दोष देऊ नका. हायड्रॉलिक पंपाला तेल कमी पडतंय, तेव्हा आधी पातळी आणि सक्शनची, म्हणजे पंप तेल ओढतो तिथली, जाळी तपासा.

खरंच ट्रॅक्टर मधोमध सोडून दोन भाग करायची वेळ आली तर क्लच प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं बेअरिंग आणि शाफ्टचं ऑइल सील त्याच वेळी बदलून घ्या. तेवढ्यासाठी पुन्हा उघडायचं म्हणजे सगळी मेहनत दुप्पट. गिअर बदलायचा तर जोडीनेच, कारण झिजलेल्या दातावर नवा दात लवकर खराब होतो. आणि मिस्त्रीकडे जाताना कागदावर लिहून न्या: कोणत्या गिअरमध्ये, क्लच दाबून की सोडून, थंड असताना की गरम झाल्यावर, ओझ्यावर की रिकामा.