पोलिसांविरुद्ध तक्रार करायची, तर आधी कॅमेऱ्याचं बघा

मुंबई असो वा नागपूर, शहराचे पोलीस महापालिकेचे नसतात, राज्याच्या गृह खात्याचे असतात. नगरसेवकाच्या फोनला पोलीस ठाण्यात वजन असेलही, पण कायद्याने त्याला चौकशी लावता येत नाही. मोहल्ला समिती आणि शांतता समिती सणासुदीला, तणावाच्या वेळी कामाच्या. अधिकाऱ्यावर कारवाईची शिफारस करणं त्यांचं काम नाही. ते काम पोलीस तक्रार प्राधिकरणाचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या प्रकाश सिंग निकालात त्याचं मूळ आहे आणि 2014 मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्याची तरतूद झाली. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश असतात आणि सदस्यांत पोलीस खात्याबाहेरचा एक नागरिकही असतो. जागा एकच, पण आहे.

तक्रार लिहायला बसण्याआधी फुटेज वाचवा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2 डिसेंबर 2020 च्या आदेशानुसार ठाण्यातलं चित्रीकरण आवाजासह 18 महिने जपायचं आहे. तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर. प्रत्यक्षात कॅमेरा बंद निघतो किंवा डिस्कवर नवं चित्रीकरण चढतं. म्हणून घटनेनंतर दोन-तीन दिवसांतच वरिष्ठ निरीक्षक आणि पोलीस उपायुक्त (जिल्ह्यात पोलीस अधीक्षक) यांना फुटेज जतन करण्याचं पत्र द्या. तारीख, किती ते किती वाजेपर्यंत आणि नेमकी जागा लिहा: प्रवेशद्वार, ठाणे अंमलदाराचं टेबल, कोठडीबाहेरचा बोळ. नुसतं ‘त्या दिवशीचं फुटेज’ लिहिलं, तर नेमकं हवं तेच सापडत नाही. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय ठाणं सोडू नका. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र त्याच दिवशी स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवा.

याच पत्राची एक प्रत महापौरांना पाठवा. ग्रामीण भागात जिल्हा परिषद अध्यक्षांना. कारण याच आदेशाने नेमायला सांगितलेल्या जिल्हास्तरीय देखरेख समितीत त्यांना जागा आहे. कॅमेरे चालू आहेत का ते पाहणं आणि कुणी तक्रार केली नसली तरी फुटेज तपासून हक्कभंग झाला का ते बघणं, हे समितीचं काम आहे. पोलिसांवर स्थानिक लोकप्रतिनिधीची कायदेशीर नजर पोचते अशा मोजक्या जागांपैकी ही एक, आणि तिचा वापर जवळजवळ कुणीच करत नाही.

माहिती अधिकारात फुटेज मागताना अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. फुटेज, स्टेशन डायरी आणि अटक पंचनामा एकाच अर्जात कोंबले की तो त्याच कारणावरून परत येतो. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

आता तक्रार. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, नियम डावलून अटक, लाच, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर हे विषय प्राधिकरणाच्या कक्षेत येतात. हवालदार उद्धट बोलला, एवढ्यावर तिथे जाऊ नका. गुन्हाच नोंदवून घेतला नसेल तर आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली अधीक्षक किंवा उपायुक्तांना लेखी कळवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे जा.

निरीक्षकापर्यंतच्या पदासाठी विभागीय प्राधिकरण, उपअधीक्षक आणि त्यावरच्या पदासाठी राज्य प्राधिकरण. चुकीच्या ठिकाणी गेलेली तक्रार महिनोन्‌महिने फिरत राहते. अधिकाऱ्याचं नाव माहीत नसेल तर पद, बक्कल नंबर, गाडीचा क्रमांक यांपैकी जे असेल ते लिहा. मजकूर वेळेच्या क्रमाने, दोन पानांत. विशेषणं गाळा, ‘अमानुष मारलं’ऐवजी ‘डाव्या पोटरीवर काठीने चार वेळा’ लिहा. सोबत शपथपत्र, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि जतन-पत्राची पोच जोडा. अटक झाली असेल तर तपासणी अहवालाची प्रत मिळणं हा हक्क आहे. ती मागून घ्या. सरकारी दवाखान्यात जखमेचं वय नोंदवलं गेलं का ते तिथेच वाचून पाहा. खात्याच्या बचावाची पहिली ओळ बहुधा ‘जखम जुनी आहे’ हीच असते.

प्राधिकरण स्वतः शिक्षा देत नाही, अहवाल सरकारकडे जातो. सरकारने तो स्वीकारला तर तो खातेनिहाय कारवाईसाठी प्राथमिक चौकशी ठरतो. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर गुन्हा नोंदवण्यासाठी ठाण्याकडे जातो. फेटाळायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. अहवाल गेल्याचं कळलं की महिनाभराने गृह खात्याकडे माहिती अधिकारात एकच प्रश्न विचारा: स्वीकारला की फेटाळला, आणि फेटाळला असल्यास नोंदवलेल्या कारणांची प्रत.