घाट उतरणाऱ्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक: आधी ऑइल, मग पॅड

बेळगावहून चोर्ला किंवा आंबोली घाट उतरताना पेडल मऊ पडलं, की लोक थेट मोठ्या डिस्कची (चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीची) चौकशी करतात. थांबा. पेडल मऊ म्हणजे बहुधा ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं: डॉट ४ प्रतीचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस सोसतं, ओल धरल्यावर जेमतेम १५५. आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार करता दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला. सीलबंद एक लिटर पुरतं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ च्या ब्रेकमध्ये चालत नाही. ऑइल बदलल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना ब्रेक ऑइलची टाकी रिकामी होऊ दिलीत तर सगळं पहिल्यापासून!

पेडल कडक, तरी गाडी थांबत नाही? मग डिस्कला दाबून धरणारे पॅड तापलेत. रस्त्यासाठीचेच परफॉर्मन्स पॅड घ्या. रेसचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत. डिस्क बसवण्याआधी हबवरचा (चाक-डिस्क जिथे बसतात त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा. पूर्ण थांबू नका.

फक्त पुढचे कॅलिपर (पॅड दाबणारे भाग) मोठे केले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो. त्यात खर्चही वाया.