फ्रान्सिसच्या वाटेने चार घरांची बैठक कशी चालवावी

नाशिकरोडला आमची बैठक गुरुवारी रात्री साडेआठला बसते. त्याआधी जमत नाही, दोघांची प्रेसमध्ये शिफ्ट असते. इटलीतल्या असिसीच्या, गरिबी पत्करून जगलेल्या संत फ्रान्सिसच्या मागे प्रपंचात राहून चालायचं तर अशी बैठक हवीच, एकट्याने ते होत नाही. घरं चारच ठेवा. जास्त झाली की सभा होते, आणि सभेत कोणी आपलं दुखणं सांगत नाही.

सुरुवात शुभवर्तमानाने, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राने करा. बर्नार्ड नावाचा श्रीमंत गृहस्थ फ्रान्सिसचा पहिला सोबती व्हायला आला, तेव्हा दोघांनी चर्चमध्ये जाऊन तीनदा तोच ग्रंथ उघडला. मिळालं ते असं: असेल ते विकून गोरगरिबांना दे, वाटेसाठी काही घेऊ नका, आपला क्रूस उचल. त्यांनी तेच उचललं, चर्चा केली नाही. आपणही पाच-सहा ओव्याच वाचाव्यात, दोन मिनिटं गप्प बसावं, मग प्रत्येकाने एवढंच सांगावं की हे उद्या सकाळी मी कुठे करणार. प्रवचन नको. आमचे एक काका मूळ ग्रीक शब्दांकडे घसरले की त्यांना चहा टाकायला पाठवतो.

मग गरजा. हे सर्वांत अवघड. 1223 च्या नियमात फ्रान्सिस बंधूंना, म्हणजे आपल्या संघातल्या संन्याशांना, सांगतो की आपली गरज एकमेकांना निःसंकोच सांगा. आई पोटच्या पोराला जपते, त्याहून जास्त तुम्ही एकमेकांना जपा. वाचायला गोड आहे. आमच्याकडे पहिले तीन गुरुवार सगळे म्हणाले, ‘देवाच्या कृपेने बरं चाललंय.’ चौथ्या गुरुवारी एक ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, ‘शनिवारी आईला डायलिसिसला न्यायचंय, रिक्षात एकटीला उचलवत नाही.’ तेव्हा कुठे तोंडं उघडली. कोणी असं बोललं की सल्ला देऊ नका. कोण जाणार, किती वाजता, ते वहीत लिहा. पुढच्या गुरुवारी आधी वही उघडा.

दुखण्याबद्दल बोलताना जपून. ‘देवाने तुमची परीक्षा घेतलीय’ हे वाक्य आम्ही बैठकीत बंद केलंय. फ्रान्सिसला कुष्ठरोग्यांकडे बघणंही कडू वाटायचं. 1226 मध्ये, मरणाआधी, त्याने लिहवून ठेवलं की देवाने मला त्यांच्यात नेलं, मी त्यांच्यावर दया केली, आणि तिथून निघताना तेच कडू गोड झालं होतं. क्रम लक्षात घ्या: आधी सेवा, मग गोडी. आणि शेवटी त्याने औषधोपचारही घेतले. डोळे जात होते तेव्हा वैद्यांना तापल्या सळईने डागू दिलं. विस्तवाला भाऊ म्हणून विनवलं, जरा सौम्य हो. तेव्हा बैठकीतल्या आजाऱ्याला प्रार्थनेइतकीच गोळ्यांची आठवण करा.

शेवटी महिन्यातून एकदा ‘परिपूर्ण आनंदा’ची गोष्ट वाचा. थंडीत, रात्री, भिजलेला फ्रान्सिस आपल्याच मठाचं दार ठोठावतो. आतला बंधू म्हणतो, चल निघ, तुझी आम्हाला गरज नाही. एवढं ऐकूनही मन शांत राहिलं तर तो खरा आनंद, असं फ्रान्सिस आपला सोबती लिओ याला सांगतो. वाचताना आपण सगळे फ्रान्सिस होतो. माझ्या मते आपण दाराआडचा बंधू आहोत. फेब्रुवारीत इथे नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला मुंबई-वसईकडून माणसं येतात, रात्री दहाला कोणीतरी बेल वाजवतं, ‘झोपायला जागा मिळेल का?’ आणि आपण दाराच्या फटीतून लॉजचा पत्ता सांगतो. मीही सांगितलाय.

म्हणून हे जानेवारीतच ठरवा: कोणाच्या हॉलमध्ये किती जण मावतील, गरम पाणी कोण देणार. आमच्या वहीत सध्या लिहिलंय: गाद्या सहा, चादरी चार, दोन कमी.