कामगारांनी पक्ष नेमका कधी सोडला ते कसं शोधायचं (उदाहरण गिरणगावचं)

निकाल लागला रे लागला की लोक कारण सांगून मोकळे होतात, कामगार भाषेकडे वळला, जातीकडे वळला, झालं. मी वापरतो ती पद्धत सांगतो. उदाहरण लालबाग-परळचं, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागाचं घेऊ आणि पक्ष काँग्रेस, कारण गरिबांचा पक्ष म्हणून मतं मागणारी तीच होती.

आधी वहीत दोन तारखा वेगवेगळ्या लिहा, जुना पक्ष सोडल्याची एक आणि दुसऱ्या पक्षात गेल्याची एक. बहुतेक जण इथेच चुकतात. 1984 बघा, इंदिराजींच्या हत्येनंतर काँग्रेसला देशभर 400 च्या वर जागा मिळाल्या आणि त्याच लाटेत गिरणगावाच्या दक्षिण-मध्य मुंबईतून गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत काँग्रेसच्या बाहेर राहून निवडून आले. शिवसेनेचे वामनराव महाडिक ती सीट जिंकले ते 1989 ला. म्हणजे मतदार आधी निघाला आणि सेनेकडे नंतर पोचला, निदान लोकसभेपुरतं तरी. (वामनराव परळमधून 1970 लाच आमदार झाले होते हे खरं, पण ती जागा कम्युनिस्टांची होती, कृष्णा देसाईंच्या खुनानंतरची पोटनिवडणूक. ते वेगळं प्रकरण, यात मिसळू नका.)

आता पहिल्या तारखेच्या मागे जा आणि बघा की माणसाला तक्रार करायला जागा कुठली होती. इथे वेळ घाला, खरा माल इथेच आहे. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच युनियन मान्यताप्राप्त, गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, म्हणजे काँग्रेसच्याच घरातली. कामगार दुसऱ्या युनियनमागे गेला तरी मालकाशी बोलणी करायचा हक्क संघाचाच. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाखाच्या आसपास कामगार सामंतांच्या मागे संपावर गेले, पगारवाढ हवी होती, बदलीवाल्यांना (कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी घेतलेल्यांना) कायम करा म्हणत होते आणि हा कायदाही नको होता. आता बघा, युनियन काँग्रेसची, राज्य सरकार काँग्रेसचं, दिल्लीतही काँग्रेस. त्यात त्याच आठवड्यात मुख्यमंत्री अंतुले जाऊन बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले, वर्षभराने वसंतदादा आले, आणि संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. राग विचारसरणीवर होता असं मला वाटत नाही, तिन्ही खिडक्यांवर एकच माणूस बसलेला असेल तर रांग लावायची कुठे?

चाळीत जाऊन विचारताना "काँग्रेस का सोडली" असं विचारूच नका, पाठ केलेलं उत्तर मिळतं. विचारा, संपात घरात पैसा कुठून यायचा, गावाला कोण कोण गेलं, मुलाच्या अॅडमिशनला आणि नळाच्या भांडणाला कोणाकडे जायचात. शिवसेनेच्या शाखेचं नाव आलं तर कधीपासून जायला लागलात ते विचारा, दुसरी तारीख तिथे सापडते. बायकांना नक्की विचारा, पुरुष भोंगा आणि सभा सांगतात, वाण्याची उधारी बायकांच्या लक्षात असते.

तिसरी तारीख लोक विसरतात, परत न येण्याची. 1991 च्या विकास नियंत्रण नियमांत (शहरात कुठे काय बांधायचं त्याचे नियम) गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले, पालिका, म्हाडा आणि मालक. 2001 ला, काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारात, नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जागा त्यातून सुटली. पक्ष सोडल्याचं हे कारण नाही, तारखा जुळत नाहीत, पण मन परत का वळलं नाही ते यातून कळतं.

आकडे काढताना फक्त टक्के बघू नका, मतांची संख्या पण बघा, कारण कामगार घरीच बसला तरी पक्षाची टक्केवारी हलते. बूथवार मतं निवडणूक निकालाच्या फॉर्म 20 मधे मिळतात. आणि 2008 च्या मतदारसंघ फेररचनेनंतरचा दक्षिण-मध्य मुंबई जुन्याशी जोडू नका, शिवडी-वरळी आता दक्षिण मुंबईत आहेत, नाव तेच असलं तरी माणसं दुसरी.