मालवणच्या गढूळ पाण्यात वाइड-अँगल: स्ट्रोब कुठे ठेवायचे?

पाण्याखालच्या वाइड-अँगल (रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सच्या) फोटोग्राफीचे बहुतेक धडे लाल समुद्र नाहीतर इंडोनेशियातल्या स्वच्छ पाण्यावर बेतलेले असतात. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाच-सहा मीटर दिसलं तरी आम्ही खूश. स्वच्छ पाण्यातली सेटिंग्ज इथे जशीच्या तशी चालत नाहीत.

फ्रेममध्ये दोन उजेड असतात, सूर्याचा आणि स्ट्रोबचा, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या पाण्याखालच्या फ्लॅशचा. दोघांचा हिशोब वेगळा ठेवा. स्ट्रोब क्षणभरच चमकतो, त्यामुळे शटर १/६० सेकंद असो की १/२००, त्याच्या उजेडात फरक पडत नाही. बदलतो तो मागच्या पाण्याचा रंग. म्हणून खाली गेल्यावर आधी स्ट्रोब बंद ठेवून नुसत्या पाण्याचे दोन-तीन फोटो काढा. एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ ३२० (सेन्सरची संवेदनशीलता) धरून शटर हलवत राहा. पाणी मनासारखं हिरवं-निळं आलं, की मगच स्ट्रोब चालू करायचे, तेही मॅन्युअलवर, म्हणजे ताकद आपण ठरवून.

आता खरी मेख. डोम (लेन्ससमोरची घुमटाकार काच) आणि प्रवाळ यांच्या मधलं पाणी उजळलं, की त्यातला गाळ पांढऱ्या ठिपक्यांनी फोटोभर पसरतो, हाच बॅकस्कॅटर. आंबोलीच्या धुक्यात गाडीचा अपर लावून बघा, तसंच. उपाय असा: दोन्ही स्ट्रोब डोमच्या मागे, कॅमेऱ्याच्या हँडलच्या रेषेत घ्या आणि तोंडं किंचित बाहेर वळवा. विषयावर, म्हणजे ज्याचा फोटो काढतोय त्यावर, उजेडाची फक्त कड पडली पाहिजे. डिफ्यूझर (उजेड पसरवणारं झाकण) लावला तर ही कड मऊ होते.

स्ट्रोब धरणारे हात (आर्म) लांब पसरले की बॅकस्कॅटर जातो, हा सल्ला सगळीकडे मिळेल. पण इथे विषय डोमपासून जेमतेम फूटभर लांब असतो. हात पसरलेत तर मधोमध काळोखी पट्टी येते. जितकं जवळ जाल तितके हात आत घ्या. आणि जवळ जावंच लागतं, कारण पाणी लाल रंग आधी गिळतं. स्ट्रोबचा उजेड जाऊन परत येतो, म्हणजे मीटरभर लांबच्या प्रवाळासाठी दोन मीटर पाणी कापतो.

दुसऱ्या स्ट्रोबची घाई नको. एकच असेल तर तो थोडा वर धरा, विषय लहान निवडा. ते पैसे आधी बॉयन्सी (पाण्यात तरंगत स्थिर राहणं) पक्की करण्यात घाला, कारण पायातल्या फिनने उडवलेली वाळू कुठल्याही अँगलने लपत नाही. आणि बोट ठरवताना भरतीची वेळ विचारा. ओहोटीला खाडीचं गढूळ पाणी बाहेर येतं.