चर्चामंचाचा व्यवसाय कसा उभारावा आणि कसा टिकवावा

इंटरनेटवरचा चर्चामंच चालवणारी कंपनी काढायचे ठरवलेले लोक बहुधा सर्वांत आधी प्रणाली लिहायला बसतात, आणि वर्षभराचे भांडवल तिथेच खर्ची पडते. धागे (एकेका विषयावरच्या चर्चा), प्रतिसाद, शोध, सदस्यनोंदणी ही सारी यंत्रणा डिस्कोर्स किंवा त्याहून जुन्या पीएचपीबीबीसारख्या मुक्तस्रोत प्रणालींमध्ये तयार मिळते. ती बसवून घ्यावी आणि वाचलेला वेळ माणसे जमवण्यात घालवावा, कारण या धंद्यात खरी टंचाई त्यांचीच असते.

रिकाम्या मंचावर कोणी लिहीत नाही आणि कोणी लिहीत नाही म्हणून तो रिकामाच राहतो. २००५ साली रेडिट हा दुवे व चर्चांचा अमेरिकी मंच सुरू करताना स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन यांनी हा पेच वेगवेगळ्या खोट्या नावांनी स्वतःच दुवे टाकून सोडवला. आपल्याकडे अशा खात्यांना ‘डुआयडी’ म्हणतात आणि मराठी वाचक ते लवकर ओळखतो, त्यामुळे हा मार्ग मी सुचवणार नाही. २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ उभे करणाऱ्या जेफ अॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की यांचा प्रोग्रामर वाचकवर्ग आधीपासूनच होता आणि विषयही एकच होता, प्रोग्रामिंग. देवनागरी टंकलेखन सोपे नसतानाही १९९६ पासून मायबोली या मराठी संकेतस्थळावर माणसे जमली, त्यामागे घरापासून दूर राहणाऱ्या मराठी लोकांची गरज होती. म्हणून ‘सर्व विषयांवर चर्चा’ अशी पाटी लावण्याऐवजी द्राक्षबागायत, गृहनिर्माण संस्थांचे कायदे किंवा स्पर्धा परीक्षा असा एकच विषय निवडावा, त्यातल्या तीस-चाळीस जाणकारांना स्वतः फोन करून बोलवावे आणि पहिले काही महिने कोणताही प्रश्न दिवसभर अनुत्तरित राहणार नाही याची जबाबदारी संस्थापकांनी घ्यावी.

माणसे जमली की भांडणे येतात, आणि संपादनाचे, म्हणजे सदस्यांचे लेखन नियमांत ठेवण्याचे, काम सर्वांत अवघड ठरते ते इथेच. नियम एका पानात मावतील इतकेच असावेत. धागा उडवला तर तो का उडवला हे दोन ओळींत जाहीर लिहावे, कारण मुकाट्याने उडवलेल्या एका धाग्यातून ‘संपादकांचा कंपू’ या विषयावरचे दहा धागे जन्माला येतात. सदस्याला आधी व्यक्तिगत निरोपाने समज द्यावी, मग काही दिवसांसाठी खाते वाचनमात्र करावे आणि कायमची बंदी एकट्या संपादकाच्या हाती ठेवू नये. जो सदस्य उत्तम लिहितो, भरपूर वाचक खेचून आणतो आणि नवख्यांना घालूनपाडून बोलतो, त्याच्याबाबत बहुतेक मालक कचरतात. माझ्या मते नियमांची खरी परीक्षा त्याच्यावरच होते. संपादक स्वयंसेवक असतील तर पाळ्या लावाव्यात आणि मिळकत सुरू होताच मानधन द्यावे. फुकट श्रमांवर उभा असलेला मंच त्या श्रमिकांना गृहीत धरू लागला की काय होते, हे रेडिटला जून २०२३ मध्ये दिसले. रेडिटने इतरांनी बनवलेल्या अॅप्सवर जबर शुल्क लावल्याच्या निषेधार्थ संपादकांनी हजारो समुदाय बंद ठेवले होते.

पैशाचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटत नाही. जाहिराती वाचकांनी उघडलेल्या पानांच्या संख्येवर चालतात आणि ती संख्या बऱ्याच अंशी गूगलच्या हाती असते. मेटाफिल्टर हा जुना अमेरिकी मंच नव्या सदस्यांकडून पाच डॉलर घेत असे, पण मोठी भिस्त जाहिरातींवर होती. २०१२ च्या अखेरीस गूगलवरून येणारे वाचक एकाएकी घटले आणि २०१४ मध्ये कर्मचारी कमी करावे लागले. गुंतवणूकदारांचा पैसा घेतला तर वाढीचे वेळापत्रक त्यांचे होते, आणि समुदाय त्या वेगाने वाढत नाहीत. रेडिट मार्च २०२४ मध्ये शेअर बाजारात आले तेव्हा त्याला १९ वर्षे होत आली होती आणि आदल्या वर्षापर्यंत कंपनी तोट्यात होती. त्यापेक्षा खर्च मुठीत ठेवून, ज्यांना मंचाचा थेट लाभ होतो त्यांच्याकडून पैसे घ्यावेत : वार्षिक वर्गणी, व्यावसायिकांची सशुल्क नोंद, किंवा संस्थांना त्यांचा स्वतंत्र मंच चालवून देण्याचे शुल्क. डिस्कोर्स प्रणाली मोफत असली तरी तिची कंपनी मंच चालवून देण्याचे पैसे घेते.

मंचाचे रूप बदलताना घाई नको. डिग या रेडिटसारख्याच दुव्यांच्या संकेतस्थळाने ऑगस्ट २०१० मध्ये चौथी आवृत्ती एकदम सर्वांवर लादली, जुनी सोय परत मिळण्याची वाट ठेवली नाही, आणि संतापलेल्या सदस्यांनी त्यांचे मुखपृष्ठ रेडिटच्या दुव्यांनी भरून टाकले. २०१२ मध्ये डिग विकले गेले. नवे रूप आधी थोड्या जुन्या सदस्यांना द्यावे आणि जुने काही काळ चालू ठेवावे.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ सदस्यांच्या लेखनाबद्दल मंचाला संरक्षण देते, परंतु त्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करणे आणि तक्रारी मुदतीत निकाली काढणे आवश्यक आहे. शिवाय २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण (डेटा संरक्षण) कायद्यात अठरा वर्षांखालील सदस्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, म्हणून नोंदणीचा अर्ज वकिलाला दाखवूनच खुला करावा.

बॅकअप घेतो असे सगळेच सांगतात. तो दर तीन महिन्यांनी दुसऱ्या सर्व्हरवर उलगडून, धागे व चित्रे उघडतात का हे पाहावे. प्रत्येक सदस्याला आपले सर्व लेखन एका फाइलीत उतरवून घेता येईल अशी सोयही पहिल्याच वर्षी द्यावी, आणि कंपनी बंद करायची वेळ आली तर किती महिने आधी कळवू हे सदस्यत्वाच्या अटींतच लिहून ठेवावे.