इनलाइन फंक्शनवर ब्रेकपॉइंट टेस्ट करताय? या चुका टाळा

"सर, जीडीबी बिघडलंय." ब्रेकपॉइंटच्या टेस्ट लिहायला बसवलेलं प्रत्येक नवं पोरगं पहिल्याच आठवड्यात हे ऐकवतं. नाही रे बाबा बिघडलेलं, तुझं फंक्शनच जाग्यावर नाहीये. जीडीबी म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत डोकावायचा डिबगर, आणि ब्रेकपॉइंट म्हणजे कुठे थांबायचं त्याची खूण. इनलाइन म्हणजे कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) फंक्शनला कॉल न करता त्याचा कोडच बोलावलेल्या जागी चिकटवतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे आकडा बदलून टेस्ट पास करणं. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट, वेर्ण्याच्या ऑफिसात लाईट दोनदा जाऊन आलेली, आमच्या इंटर्नने क्लॅम्प नावाचं दोन ओळींचं फंक्शन लिहिलं, व्हॅल्यू ० ते १०० च्या बाहेर गेली की आत ओढणारं, मेनमधून तीनदा बोलावलं आणि टेस्टमध्ये टाकलं की तीनदा थांबलं पाहिजे. ओ० ला (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद) तीनदा थांबलं, ओ२ ला (ऑप्टिमायझेशन चालू) दोनदाच. इंटर्नसाहेबांनी ३ चे २ केले, टेस्ट हिरवी, कमिट मारला आणि फोंड्याची बस पकडली. चार दिवसांनी बिल्ड मशीनवर नवा कंपायलर चढला आणि आता एकदाच थांबायला लागलं. तर हा विचारतो, "सर, १ लिहू?"

त्या दिवशी माझी पणजीची शटल गेली, कँटीनचा भाजी-पाव गार झाला, पण त्याला शेजारी बसवलंच. आधी 'इन्फो ब्रेकपॉइंट्स' मारायला लावलं. इनलाइन फंक्शन जितक्या ठिकाणी चिकटवलेलं असतं तितक्या लोकेशन जीडीबी एकाच ब्रेकपॉइंटखाली दाखवतं, १.१, १.२, १.३ अशा. इथे एकच जागा होती. मग 'डिसअसेम्बल स्लॅश एस', म्हणजे सोर्सच्या ओळींसोबत मशीनच्या इन्स्ट्रक्शन. तिसऱ्या कॉलमध्ये पठ्ठ्याने सरळ ५० पास केलेलं, कंपायलरला उत्तर आधीच माहीत, त्याने तिथे ५० ठेवून दिले, थांबायला इन्स्ट्रक्शनच उरली नाही. दुसऱ्या कॉलची व्हॅल्यू एका छोट्या लूपमधल्या बेरजेतून यायची, नव्या कंपायलरने तो लूपही कंपाइल करतानाच सोडवून टाकला. म्हणजे २ हा आकडा बरोबर कधी नव्हताच, नशिबाने जुळलेला.

तेव्हापासून माझी सवय अशी की टेस्टमधला प्रत्येक इनपुट व्होलटाइल ग्लोबलमधून (ज्याची व्हॅल्यू कंपायलरला आधीच गृहीत धरता येत नाही) घ्यायचा, आणि ज्या मार्कर फंक्शनवर हमखास थांबायचंय ते वेगळ्या फाइलीत ठेवायचं, एलटीओ (लिंक करताना फाइलींपलीकडे होणारं ऑप्टिमायझेशन) बंद करून. जीडीबीच्या स्वतःच्या टेस्टमध्येही इनलाइनचे मार्कर वेगळ्या फाइलीतच आहेत, मी काही शोध लावलेला नाही.

दुसरी आवडती पळवाट, टेस्ट फेल झाली की फंक्शनला नोइनलाइन ('इनलाइन करू नको' असं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट) लावायचं. अरे, इनलाइन झालेल्यावर ब्रेकपॉइंट लागतो का हेच तर बघायचं होतं! दात दुखतोय म्हणून गेलो आणि डॉक्टरने दातच काढून हातात दिला, तसं झालं हे. वर गंमत म्हणजे फंक्शनचा बाहेर काही परिणाम होत नसेल तर नोइनलाइन असूनही जीसीसी कंपायलर तो कॉल उडवू शकतो, त्यासाठी आत रिकामं एएसएम (असेम्ब्लीचं स्टेटमेंट) टाकावं लागतं.

नुसतं 'इनलाइन' लिहिलं म्हणजे इनलाइन झालं असं धरू नका, ती कंपायलरला केलेली विनंती आहे, ओ० ला तर जीसीसी ती ऐकतच नाही. ऑलवेज-इनलाइन हे अ‍ॅट्रिब्यूट मात्र ओ० लाही चिकटतं. खात्री हवी तर थांबल्यावर 'इन्फो फ्रेम' बघा, 'इनलाइन्ड इनटू फ्रेम १' असं स्वच्छ लिहून येतं.

लाईन नंबर हाताने लिहू नका, वर एक कॉमेंट वाढली की सगळं सरकतं. ओळीवर खुणेची कॉमेंट ठेवा आणि स्क्रिप्टला ती शोधू द्या.

आणि अख्खं फंक्शन एका ओळीत कोंबून मग स्टेप (ओळीओळीने पुढे नेणारी कमांड) का उडी मारतं म्हणून मला फोन करू नका. एंटर मारायला पैसे पडत नाहीत.

तो इंटर्न अजून आहे आमच्याकडे. परवा त्याच्या टेस्टमध्ये ४ च्या जागी ३ आले, तर आकड्याला हात न लावता आधी डिसअसेम्बली उघडून बसला होता. मी काही बोललो नाही, चहा सांगितला दोघांना.